जुनी जिप्सी घेताना: आधी पत्रा, मग कागद, मग इंजिन

जुनी मारुती जिप्सी दाखवताना विकणारा सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. इंजिन धुऊन-पुसून लखलखीत केलेलं असतं, अर्ध्या चावीत सुरू होतं, आणि "आवाज ऐका" म्हणून तो बाजूला उभा राहतो. ऐकायला हरकत नाही. पण या गाडीत सगळ्यात कमी काळजी करावी असा भाग म्हणजे तिचं इंजिन. १२९८ सीसीच्या जी १३ कुळातली इंजिनं एस्टीमलाही होती. त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि तालुक्याच्या गावीही ते उघडून बसवणारा मिस्त्री सापडतो. सडलेली चॅसिस मात्र नवी करून मिळत नाही, आणि चुकीचे कागद तर मिस्त्रीच्या हातातलेच नाहीत. म्हणून बघण्याचा आमचा क्रम उलटा होता: पत्रा, कागद, पुढचा अ‍ॅक्सल, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

कोणती जिप्सी घ्यायची हे आधीच ठरवलेलं बरं. १९८५ च्या अखेरीस आलेली एमजी ४१० म्हणजे ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर. दिसायला गोड, पण घाटात जीव काढते. १९९६ पासून १.३ लिटरची एमजी ४१३ डब्ल्यू, म्हणजे 'किंग', पाच गिअरची. २००० साली तिला एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलची फवारणी करणारी यंत्रणा, आली, सोळा व्हॉल्व्ह आले आणि ताकद ८० बीएचपीवर गेली. २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. रोज नाही तरी महिन्यातून दोनदा डोंगरात न्यायची असेल तर २००० नंतरचीच घ्यावी. कार्ब्युरेटरवाली स्वस्त पडते, पण चढावर गाडी तिरकी झाली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि नेमक्या वाईट जागी इंजिन गुदमरतं.

चार गाड्या पाहिल्या. पहिली रत्नागिरीकडची, रंग ताजा, किंमत कमी. दुसरी दिल्लीहून आलेली. तिकडे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, त्यामुळे त्या एनओसी घेऊन बाहेर पडतात. तिसरी ताडोब्याकडची सफारीतली, पिवळ्या पाटीची. चौथी नाशिककडची २००९ ची हार्ड टॉप, तीच घेतली. चारही गाड्यांना चाचण्या त्याच लावल्या, म्हणून त्या सविस्तर सांगतो.

सामान साधं: टॉर्च, बोथट स्क्रू-ड्रायव्हर, पाव किलोची हातोडी, फ्रिजवर लावतात तसलं पातळ चुंबक, जुनी चादर आणि एक जॅक. चादर अंथरायची आणि मागच्या बंपरपासून पुढे सरकत यायचं. चॅसिसची पट्टी पेटीसारखी बंद असते. चिखल आत जातो, बाहेर निघत नाही, आणि ती आतून सडते. म्हणून बाहेरचा रंग बघून काही कळत नाही. दर वीतभर अंतरावर हातोडीने हलकं टिचकायचं. धड लोखंड 'टण्' वाजतं. आतून पापुद्रे सुटलेलं 'थप्' वाजतं आणि आत गंजाची पूड सरकल्याची सळसळ ऐकू येते. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. रत्नागिरीच्या गाडीत मागच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) शॅकल, म्हणजे पाट्याला चॅसिसशी जोडणारी झुलती कडी, जिथे बसते तिथे तो ऐकला, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर टोक आत गेलं. खाऱ्या हवेतल्या गाडीवर खालून काळा जाड थर ताजा मारलेला असेल तर तो संरक्षणासाठी नसून झाकण्यासाठी आहे, असं धरूनच चालावं.

जास्त सडणाऱ्या जागा ठरलेल्या असतात: पाट्यांचे हँगर, मागची आडवी पट्टी, बॉडी चॅसिसवर जिथे रबरी गादीवर बसते ते ब्रॅकेट, पेट्रोलच्या टाकीच्या वरची जागा, पाय ठेवायच्या खळग्याचा तळ, बॅटरीखालचा ट्रे आणि काचेच्या चौकटीचा खालचा काठ. पायाखालचं रबरी मॅटिंग उचलून बघायला विकणारा नाखूष असेल तर तेच उत्तर समजा. चुंबक बाहेरच्या पत्र्यासाठी. एका थराच्या फडक्यातून ते धड पत्र्याला घट्ट चिकटतं, लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी ढिलं पडतं किंवा गळून जातं. चाकावरच्या कमानीत आणि मागच्या कोपऱ्यांत थोडीफार लांबी बहुतेक गाड्यांत असतेच, त्यावरून गाडी नाकारू नये. बॉडीला ठिगळ लावता येतं. चॅसिसला शॅकलजवळ ठिगळ असेल तर निमूट घरी यावं.

सफारीतली गाडी चॅसिसला उत्तम होती. जंगलात मीठ नाही आणि वेगही नाही. पण अशा गाड्या वर्षानुवर्षं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत, सहा-सात माणसं घेऊन चाललेल्या असतात. क्लच, दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग) आणि पाटे थकलेले असतात. ते बदलता येतं. अडलं ते दुसरीकडे: छप्पर-दरवाजे कापून मागे बाकडी लावलेली आणि नोंदणी व्यावसायिक. ती खासगीत वर्ग करायची म्हणजे परवाना परत करणं, कराचा फरक भरणं आणि गाडी पुन्हा मूळ रूपात आणणं. त्यातलं शेवटचं काम पत्रेवाल्याच्या हिशोबात गाडीच्या किमतीच्या आसपास जातं.

कागद

आरसी बुकावरचा चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या कोरलेल्या नंबराशी अक्षर न अक्षर ताडून पाहायचा. चॅसिसवरचा नंबर चिखलाखाली असतो. वायर-ब्रशने साफ करायचा, पॉलिश पेपर लावायचा नाही, नाहीतर पुढे पासिंगला 'खाडाखोड' म्हणून शंका येते. नंबराभोवतीचा पत्रा वेगळ्या जाडीचा किंवा वेल्ड केलेला वाटला तर गाडी सोडायची. त्यानंतर इंधन. कित्येक जिप्सींत मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलं गेलं आहे. आरसीवर 'पेट्रोल' आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर ती गाडी नावावर करताना, विमा घेताना आणि अपघात झालाच तर दाव्याच्या वेळी, अशी तीन वेळा अडेल. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठाम केलं. बुल बारवर (बंपरपुढच्या लोखंडी चौकटीवर) तर २०१७ च्या डिसेंबरपासूनच बंदी आहे. गाडीला बसवलेला असला तर किमतीत त्याचे पैसे धरू नका, काढण्याची मजुरी धरा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे नमुना २५ भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २००९ च्या गाडीचं नूतनीकरण झालेलं आहे का आणि कधीपर्यंत, हे आरसीवर बघायचं, तोंडी उत्तरावर जायचं नाही. नूतनीकरणाबरोबर महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो, आणि तो न भरता गाडी विकायला काढणारे कमी नाहीत. कर्जाचा बोजा कधीच फिटलेला असला तरी आरसीवरून उतरवलेला नसतो. त्यासाठी बँकेचं पत्र आणि नमुना ३५ विकणाऱ्याकडूनच घ्यायचा, पैसे देण्याआधी. नमुना २९ आणि ३० वर सह्या घेताना त्या आरसीवरच्या किंवा पॅनवरच्या सहीशी जुळतात का पाहावं. एरवी त्याच माणसाला पुन्हा गाठणं हाच एक प्रवास होऊन बसतो. नावावर करायचा अर्ज ३० दिवसांत आणि विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत. जुन्या पाट्या असतील तर उच्च सुरक्षा नंबर प्लेटची नोंदणीही लगोलग उरकावी, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे.

दिल्लीच्या गाडीची चॅसिस चौघींत सगळ्यात स्वच्छ होती, आणि मोह तिचाच जास्त होता. पण परराज्यातली गाडी म्हणजे तिकडची नमुना २८ ची एनओसी, इकडे नमुना २७ ने नवा नंबर, नव्याने रस्ता कर आणि तपासणी. त्यात एनओसीवर दुसऱ्याच राज्यातल्या आरटीओचं नाव होतं. ते बदलून आणायला दिल्लीत मूळ मालकाकडे जाणार कोण? दलाल "होऊन जाईल" म्हणतो. झाल्यावर पैसे देऊ म्हटलं की तो विषय बदलतो.

चालवून बघताना

इंजिन थंड असताना पोहोचायचं. आधीच गरम करून ठेवलं असेल तर का, हे विचारायचं. चावी 'ऑन' केल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर बल्ब काढून ठेवलेला आहे. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं: पाणी लालसर तांबूस असेल तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय, तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट गेलेलं.

मिस्त्री बरोबर असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन तोडलेलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास आकडा यायला हवा, १२ च्या खाली जाऊ नये, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चार सिलिंडरांत एका किलोपेक्षा जास्त फरक नको. घेतलेल्या गाडीत १३, १३, १२.५ आणि १३ आले. वयाच्या मानाने झकास.

फोर व्हील ड्राइव्ह बघायची एक पद्धत कमी लोक वापरतात. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, इंजिन बंद. पुढचं एकच चाक जॅकवर उचलायचं. फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर दोन्ही 'लॉक'वर फिरवायचे. ट्रान्स्फर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचा) दांडा २ एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, असताना उचललेलं चाक हाताने फिरतं आणि त्याबरोबर पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरताना दिसतो. दांडा ४ एचमध्ये, म्हणजे चारही चाकांवर, टाकला की ते चाक हलता कामा नये, कारण शाफ्ट मागच्या चाकांशी बांधला गेला आणि समोरचं चाक जमिनीवर अडकलंय. तरीही फिरलं तर ट्रान्स्फर लागत नाही किंवा दोनपैकी एक हब पकडत नाही. फिरताना शाफ्ट स्थिर असेल तर दोष हबचा. पाच मिनिटांत निकाल. ही चाचणी डांबरावर ४ एच टाकून गाडी चालवून करणारे आहेत, ते करू नका. जिप्सीला मधला डिफरन्शिअल नाही, वळणावर पुढच्या-मागच्या चाकांतला फरक कुठेच जिरत नाही आणि ताण गिअरांवर येतो.

रस्त्यावर ५० ते ७० च्या दरम्यान एखाद्या खड्ड्यावरून चाक गेलं की स्टेअरिंग हातात थडथड उडायला लागतं का, हे बघायचं. उडतंच, बहुतेक जिप्सींत. विकणारा "व्हील बॅलन्सिंग करून घ्या" म्हणतो. कधी तेवढंच असतं, पण बहुधा किंगपिन (चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्या) बेअरिंग सैल झालेली असतात. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम पाय काढून पुन्हा दिला तर 'टक्' आवाज येतो का? तो युनिव्हर्सल जॉइंटचा. आणि वेग घेताना ट्रान्स्फरचा दांडा खडखडत नाचत असेल तर ट्रान्स्फर केसची रबरी माउंटिंग तुटली आहेत. हे सगळं घेतलेल्या गाडीत होतं, आणि भाव करायला त्याचाच उपयोग झाला. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला नकलवरून (चाकासोबत वळणाऱ्या सांध्याच्या कवचावरून) काळा ओघळ टायरपर्यंत आलेला होता, तोही दाखवला. ओडोमीटरच्या आकड्यावर मात्र वाद घालण्यात वेळ घालवला नाही. पंधरा वर्षांच्या जिप्सीच्या आकड्याला काही अर्थ नसतो. पेडलचं रबर जास्त खरं बोलतं.

टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे: २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण रबर आठ वर्षांचं, हे या गाड्यांत नेहमीचं, कारण त्या उभ्याच जास्त असतात. मोठे टायर लावलेले असतील तर हिशोब करा. मूळचा २०५/७० आर १५ म्हणजे सुमारे ६६८ मिलिमीटर व्यास, २३५/७५ आर १५ म्हणजे ७३३. जवळजवळ दहा टक्के फरक. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ वर असते, आणि आधीच बेताची असलेली ताकद घाटात आणखी कमी भासते.

पहिली देखभाल

खरेदीच्या किमतीची पाव ते एक तृतीयांश रक्कम पहिल्या देखभालीसाठी बाजूला ठेवली होती. विंच, स्नॉर्केल, दिव्यांची पट्टी यांतलं काहीही त्यात नव्हतं. आधीच्या मालकाने काय केलं, कधी केलं, याची नोंद नसेल तर 'काहीच केलं नाही' असं समजून सगळी तेलं, सगळे पट्टे, सगळे होस बदलायचे. गाडी महिनाभर अंगणात उभी राहिली तरी चालेल, पण ब्रेक आणि पुढचा अ‍ॅक्सल होईपर्यंत ट्रेकला न्यायची नाही.

पहिला दिवस तेलांचा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायची, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट उतरतं. आणि इथे नवखा हमखास एक चूक करतो: खालचा बोल्ट आधी उघडतो. आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतो का पाहायचं. तो वर्षानुवर्षं न उघडल्यामुळे बसलेला असतो. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी तिथेच अडकली. घेतलेल्या गाडीत ट्रान्स्फर केसचा वरचा बोल्ट असाच होता. डोकं गोल व्हायला आलं तेव्हा पाना थांबवला, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे चार सरळ ठोके दिले, मग सुटला.

लागणारं तेल असं: गिअर बॉक्सला सुमारे १.३ लिटर, ट्रान्स्फर केसला ०.८, पुढच्या डिफला (डिफरन्शिअलला) २, मागच्या डिफला १.५. गिअर बॉक्समध्ये ७५ डब्ल्यू ९० जीएल-४ (जीएल म्हणजे गिअर तेलाची प्रत), बाकी तिघांत ८० डब्ल्यू ९० जीएल-५. दुकानदार सगळीकडे जीएल-५ चालतं म्हणतो. गिअर बॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा आहेत, जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात, आणि सिंक्रोची पकडही घसरते. म्हणून जीएल-४ दोन लिटर आणि जीएल-५ पाच लिटर आणले. इंजिनाला फिल्टरसह साडेतीन ते चार लिटर, डिपस्टिक बघत. भरताना डिफच्या वरच्या भोकाच्या काठाशी तेल आलं की पुरे.

उतरलेलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळून बघायचं. बारीक चमचमणारी पूड चालते, नखाएवढा तुकडा चालत नाही. पुढच्या डिफमधून आलं ते तेल नव्हतंच, दुधाळ चहा होता. म्हणजे पाणी. ते येतं असं: अ‍ॅक्सल चालून गरम झालेला, गाडी ओढ्यात उतरते, थंड पाण्याने आतली हवा एकदम आकसते आणि आत ओढ तयार होते. अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर हवा तिथून येत नाही, मग सीलच्या फटीतून पाणी ओढलं जातं. उलट गरम होताना हवा फुगते आणि तेल सीलमधून बाहेर ढकलते. नवीन सील टाकूनही पुन्हा गळतंय अशा तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा हा एवढासा ब्रीदर असतो. दोन्ही अ‍ॅक्सलचे ब्रीदर साफ करून रबरी नळीने इंजिनाच्या खोलीत उंचावर नेऊन बांधले, तोंड खाली वळवून.

नकलचं काम

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि गाडीचा स्वभावही इथेच बदलतो. जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला टोकाला लोखंडी गोळा असतो, त्यावर नकल वर-खाली दोन किंगपिनांवर फिरतो, आणि आत ग्रीसमध्ये बुडालेला सांधा चाकाला फिरवतो. अ‍ॅक्सलच्या नळीतलं ऑइल सील थकलं की डिफचं तेल नकलमध्ये येतं, ग्रीस पातळ होतं आणि बाहेरच्या सीलमधून ओघळतं. बाहेरचा ओघळ दिसतो म्हणून बाहेरचंच सील बदलणारे मिस्त्री आहेत. ते पैसे वाया.

दोन्ही बाजू मिळून आणायचं ते असं: किंगपिन बेअरिंग चार, अ‍ॅक्सलच्या नळीची ऑइल सील दोन, नकलच्या सीलचे संच दोन (रबर, नमदा आणि पत्र्याची रिंग), हबच्या बेअरिंगा आणि सील, हब नटाखालच्या लॉक वॉशर, गॅस्केट, एक किलो चांगलं मॉली ग्रीस आणि वेगवेगळ्या जाडीच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या).

गाडी अ‍ॅक्सल स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. कॅलिपर काढून तारेने पाट्याला टांगायचा, ब्रेकच्या होसवर लोंबकळत ठेवायचा नाही. मग हब, त्यामागचा स्पिंडल. तो चिकटलेला असतो, लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकायचा. शाफ्ट सांध्यासकट सरळ ओढून घ्यायचा. नकलच्या मागच्या सीलच्या रिंगेचे बोल्ट बारीक आहेत आणि गंजलेले असतात. एक तुटलाच, ड्रिल करून काढावा लागला. सुटे बोल्ट आधीच आणून ठेवलेले बरे. टाय रॉड एंड सोडवायचा, वर-खाली चार-चार बोल्ट काढून किंगपिन बाहेर, आणि नकल उचलताना हाताचा तळवा खाली ठेवायचा, कारण खालचं बेअरिंग पडतं.

किंगपिनांखालच्या शिम हा कळीचा भाग. डावी-उजवी, वरची-खालची वेगवेगळ्या पिशव्यांत, खूण करून. बेअरिंगांवर किती दाब आहे तो त्यांनीच ठरतो. जुनी बेअरिंग काढली तेव्हा खालच्या वाटीत रोलरांच्या रेघा उमटलेल्या होत्या, सरळ दिशेच्या जागी नेमक्या. चाक बहुतेक वेळ सरळच असतं, म्हणून झीज तिथेच. वळणावर घट्ट आणि सरळ रस्त्यावर सैल, थडथड सरळ रस्त्यावरच का येते ते यावरून कळावं.

गोळ्याचा पृष्ठभाग केरोसीनने धुऊन बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केला. खोल खड्डे असतील तर ते नव्या सीलचा काठ खातात. नळीतलं सील बसवताना ते तिरकं गेलं तर सगळं पुन्हा, म्हणून बाहेरच्या कडेएवढ्या पाइपच्या तुकड्याने समान ठोकलं. मग नवी बेअरिंग, जुन्या शिम, किंगपिनांचे बोल्ट आवळून दाबाची मोजणी. मागचं सील अजून लावायचं नाही, त्याचा अडसर मोजणीत येतो. टाय रॉडच्या भोकात मासळीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा अडकवून नकल आडवा ओढायचा: हलायला सुरुवात होते तेव्हा काट्यावर एक ते पावणेदोन किलो दिसलं पाहिजे. पहिल्यांदा जेमतेम अर्धा किलो आला, म्हणजे सैल. एक शिम कमी केली, सव्वा किलोवर आला. तिथे थांबलो. जास्त आवळलं तर वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही.

सांध्यात ग्रीस हाताने दाबून भरायचं, नकलच्या पोकळीत बऱ्यापैकी, पण गच्च नाही. दुसऱ्या बाजूला अर्धा वेळ लागला. जोडकामानंतरच पुढच्या डिफमध्ये तेल भरलं, कारण शाफ्ट ओढताना उरलंसुरलं तेल खाली येतंच.

बाकीचं

ब्रेकला नवीन पॅड, मागचे ड्रम उघडून शू आणि व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी होस, आणि पूर्ण ब्रेक ऑइल. लांबच्या चाकापासून सुरू करून हवा काढायची. टायमिंग बेल्टचा इतिहास कागदावर नव्हता म्हणून तो, टेन्शनर आणि पुढचं क्रँक सील बदललं. तिथपर्यंत उघडलंच होतं, वॉटर पंपाला खेळ होता, तोही बदलला. कुलंटला निम्मं शुद्ध पाणी, नळाचं नाही.

सहा युनिव्हर्सल जॉइंट आहेत, दोन पुढच्या शाफ्टला, दोन मागच्याला आणि दोन गिअर बॉक्स ते ट्रान्स्फर केसच्या मधल्या आखूड शाफ्टला. त्यातले तीन बदलले, उरलेल्यांत नवं ग्रीस बाहेर पडेपर्यंत ग्रीस मारलं. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाने खूण करायची. एक दाता चुकून बसला की फिरकी जुळत नाही आणि गाडी थरथरते. ट्रान्स्फर केसची तीनही माउंटिंग एकदमच टाकली, एक बदललं तर उरलेली दोन लवकर जातात.

पाट्यांचे सगळे बुश बदलले. आधीच्या मालकाने उंची वाढवायला लांब शॅकल लावलेले होते, ते काढून मूळचे टाकले. पुढे लांब शॅकलने कॅस्टर कोन (किंगपिनांचा पुढे-मागे कल) बिघडतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. त्यानंतर व्हील बॅलन्सिंग आणि टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते). स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू मुद्दाम शेवटपर्यंत हात न लावता ठेवला. सगळे मिस्त्री पहिल्यांदा तोच आवळतात. खेळ दुसरीकडे असताना तो आवळला की बॉक्स आतून झिजतो, आणि तो या गाडीतला महाग भाग आहे. शेवटी त्याला हात लावायची गरजच पडली नाही.

पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, शॅकलचे नट, किंगपिनांचे बोल्ट आणि शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळून घेतले. यू-बोल्ट अर्धा फेरा फिरलेच. नकलच्या मागे बोट फिरवून पाहिलं, कोरडं होतं. पुढच्या डिफचं तेल मात्र थोडं सोडून बघितलं तर अजून किंचित धुरकट. कोपऱ्यात राहिलेलं पाणी एका बदलात जात नाही. दोन लिटर पुन्हा बदललं, आणि पावसाळ्यातले ओढे झाल्यावर तिसऱ्यांदा उघडून बघायचं आहे.